घाट, गाडी आणि तापलेलं तेल



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा तर घरातल्या पुरुषमंडळींचा विषय. पण थोडं थांबा. आपल्या कल्याण, उल्हासनगर, मुरबाड, शहापूर पट्ट्यात किती घरांचं पोट एका पिकअप टेम्पोवर चालतं ते बघा. कुणाचा भाजीचा धंदा, कुणाचं मंडप-केटरिंग, कुणाचं घरसामान हलवायचं काम. कितीतरी ठिकाणी कर्जाच्या कागदावर सही बाईची असते, हप्ता बचत गटातून जातो. आणि सुट्टीत शिर्डी, वणी, त्र्यंबकेश्वर किंवा पावसाळ्यात माळशेज असं निघालो की गाडीत पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेऊन आपणच बसलेल्या असतो. तेव्हा घाटात गाडी का तापते, किती तापली की थांबायचं आणि कुठला वास आला की घाबरायचं, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं.

पहिली गोष्ट. गाडी तापते म्हणजे फक्त इंजिन तापतं असं नाही. तापणाऱ्या जागा तीन आहेत. एक इंजिन. दुसरी, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स. तिसरी ब्रेक. समोरच्या काट्यावर दिसतं ते फक्त इंजिनाच्या पाण्याचं तापमान. बाकी दोन जागांना बहुतेक गाड्यांत काटाच नसतो. आणि घाटात दगा देतात त्या बहुधा याच दोन.

आता थोडा हिशेब करू. कल्याण जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे आणि माळशेजचा माथा साधारण ७०० मीटर उंच. घाटाची चढण हिशेबाला ६०० मीटर धरू. पिकअप आणि तिच्यातला माल मिळून ३ टन. हे ३ टन ६०० मीटर वर न्यायला जी ऊर्जा लागते ती विजेच्या भाषेत सुमारे ५ युनिट होते. महिन्याच्या बिलावर आपण मोजतो तेच युनिट. ५ युनिटमध्ये २० लिटरचे ३ जार भरतील एवढं नळाचं पाणी उकळीला येतं. ही फक्त चाकांपर्यंत पोचलेली ऊर्जा झाली. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो, बाकीची धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. म्हणून चढावर इंजिन तापतं.

रेल्वेचं उदाहरण आपल्या परिचयाचं आहे. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना घाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर चढावं लागतं. त्यासाठी कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या बायकांना हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो. १८६५ साली हा थळ घाटाचा मार्ग सुरू झाला, तेव्हापासूनचा हा धडा आहे : ओझं तेच आणि चढ जास्त, तर ताकद वाढवा. आपल्या टेम्पोला मागून दुसरं इंजिन लावता येत नाही. आपल्या हातात दोनच उपाय उरतात. ओझं कमी करायचं किंवा गिअर खाली आणायचा.

गिअर खाली आणला की काय होतं? इंजिन जास्त वेगाने फिरतं पण गाडी हळू चालते, म्हणून प्रत्येक फेऱ्यामागे ओढायचा भार हलका होतो. विहिरीतून भरलेली घागर एका दमात न ओढता हात-हात दोर घेत ओढावी तसं. शिवाय इंजिनाबरोबर पाण्याचा पंपही जोरात फिरतो आणि उष्णता बाहेर टाकली जाते. बरेच ड्रायव्हर डिझेल वाचवायचं म्हणून वरच्या गिअरमध्येच गाडी रेटतात. इंजिन घुसमटल्यासारखा आवाज करतं, गाडी थरथरते. त्यात डिझेल वाचत नाही, इंजिन मात्र तापतं.

आता क्लच. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप आणि छोटे टेम्पो हाताने गिअर टाकायच्या आहेत. त्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जेवणाच्या ताटलीएवढी एक चकती असते, तीच क्लच प्लेट. पाय पूर्ण सोडला की ती इंजिनाला घट्ट चिकटून फिरते, घासत नाही, म्हणून तापत नाही. पाय अर्धा दाबलेला असला की ती घसरत घासत फिरते. थंडीत आपण तळहात एकमेकांवर घासतो आणि ऊब येते, तसंच. फरक एवढाच की इथे घासणाऱ्या हातामागे अख्खं इंजिन आहे. चढावर वाहतूक तुंबली, ड्रायव्हरने ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर आणि ॲक्सिलरेटरवर गाडी जागेवर तोलून धरली, तर इंजिनाची सगळी ताकद त्या ताटलीत उष्णता होऊन शिरते. काही मिनिटांत जळका, नाकात जाणारा वास येतो. तो वास म्हणजे क्लच प्लेटवरचं अस्तर जळतंय. एकदा जळलेलं अस्तर पुन्हा पूर्वीसारखं होत नाही, आणि प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खर्च झालाच, वर दोन दिवसांचा धंदाही बुडतो.

हे टाळायची रीत सोपी आहे. चढावर थांबलं की हँडब्रेक ओढायचा, पाय क्लचवरून काढायचा. निघताना पहिला गिअर, क्लच हळू सोडत आणायचा, गाडीने जोर धरल्याचं जाणवलं की हँडब्रेक सोडायचा आणि क्लच पूर्ण सोडून द्यायचा. ड्रायव्हिंग शिकणाऱ्या प्रत्येकीने ही रीत एखाद्या उड्डाणपुलाच्या कमी वर्दळीच्या चढावर घटवून घ्यावी. आणि गाडी चालत असताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती मोडावी. नुसत्या पायाच्या वजनानेही प्लेट थोडी सुटते आणि घासत राहते.

मग बिनक्लचच्या, ऑटोमॅटिक गाड्यांचं काय? आपल्या भागात आता बायका या गाड्या खूप चालवतात, कारण शिळफाट्याच्या रांगेत डावा पाय दुखत नाही. पण ऑटोमॅटिक म्हणून सगळ्या गाड्या सारख्या नसतात. स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांत एएमटी असतं. त्यात आत साधीच क्लच प्लेट असते, फक्त तुमच्या पायाऐवजी यंत्र ती दाबतं. म्हणजे चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तीही तशीच जळते. पायाला कळत नाही, एवढंच. या गाडीत चढावर थांबताना कायम ब्रेक दाबा.

दुसऱ्या प्रकारात टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवले, एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाकडचं चाक तेल फेकतं, त्या जोराने गिअरबॉक्सकडचं चाक फिरतं. सपाट रस्त्यावर, ठरावीक वेगाला ही दोन चाकं एकमेकांशी कुलूपबंद होतात आणि घसरण थांबते. पण जड ओझं, चढ आणि मंद वेग एकत्र आले की कुलूप उघडतं, एक चाक जोरात आणि दुसरं हळू फिरतं, मधलं तेल घुसळत राहतं. घुसळलेलं तेल तापतं.

हे तेल किती तापलं तर चालतं? याचे आकडे जिथे लोक पिकअपच्या मागे राहायची खोलीच जोडून फिरायला नेतात तिथे सगळ्यांच्या तोंडी असतात. आपल्यापैकी कितीतरीजणींच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत. तिकडे उन्हाळ्यात चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, पिकअपला जोडून डोंगरात जायची पद्धत आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इथे बहुतेक कॅरॅव्हॅन म्हणजे एकाच गाडीवर बांधलेली खोली, मागे ओढायची नव्हे. तिकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये मात्र गिअरबॉक्सच्या तेलाचा वेगळा काटा असतो, आणि ओझं ओढायचं वेगळं बटणही.

ढोबळ आकडे असे. ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही तेलाची नेहमीची, सुखाची स्थिती. १०५ पर्यंत चढावर गेलं तर काळजी नाही, माथ्यावर पोचल्यावर ते उतरतं. ११० ओलांडलं की वेग कमी करायचा, गिअर खाली आणायचा. १२० च्या वर जाऊ लागलं की सुरक्षित जागा बघून थांबायचं. १३० च्या पुढे तेल करपतं, आतल्या भागांवर चिकट थर बसतो, रबरी सील कडक होतात. १५० च्या आसपास आतल्या क्लच प्लेटा जळायला लागतात. गाडीगाडीप्रमाणे थोडा फरक असतो, म्हणून गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा.

आपण तळणीचं तेल ओळखतो, तसंच हे समजा. बेताच्या आचेवर तळलं तर तेल दोनदा वापरता येतं. एकदा धूर निघेपर्यंत तापवलं की काळं, चिकट आणि कडवट होतं. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल कारागिरांचा एक जुना ठोकताळा आहे : ८० अंशांच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९० ला निम्मं, १०० ला पाव, ११० ला आठवा हिस्सा, १२० ला सोळावा. एका घाटाने गाडी मरत नाही. पण आठवड्याला चार घाट ओझ्यासह करणाऱ्या गाडीचं तेल पुस्तिकेतल्या सर्वसाधारण मुदतीपर्यंत टिकणार नाही. पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळी, लवकरची मुदत लिहिलेली असते. ती आपल्याला लागू आहे असं धरून चाला. बऱ्याच गाड्यांत हे तेल नवं असताना लालसर असतं. ते तपकिरी-काळं झालं आणि करपल्यासारखा वास आला, तर मेकॅनिकला स्वतःहून विचारा.

गिअरबॉक्सचं तेल तापलं असेल तर थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. गिअर पार्किंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक लावा आणि इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवा. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की गरम तेल जिथल्या तिथे साचून राहतं.

इंजिनाच्या पाण्याचा काटा लाल खुणेकडे सरकला, तर आधी एसी बंद करा आणि वेग कमी करा. हीटर पूर्ण चालू केला तर इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून येते. घाम येईल, पण सोसा. थांबल्यावर रेडिएटरमध्ये पाणी पुरेसं असेल तर इंजिन थोडा वेळ संथ चालू द्या. वाफ निघत असेल किंवा पाणी गळत असेल तर मात्र लगेच बंद करा. आणि रेडिएटरचं झाकण? ते प्रेशर कुकरचंच झाकण समजा. आत दाब असतो म्हणूनच तिथलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं तर दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि हात-तोंड भाजतं. शिट्टी न उतरवता आपण कुकर उघडत नाही, मग हे तरी का उघडावं? किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उतार. कल्याणच्या भाजीबाजाराचा विचार करा. जुन्नर, ओतूर, आळेफाटा भागातला माल माळशेज उतरून रात्रीच कल्याणकडे येतो. म्हणजे या धंद्यात गाडी चढताना रिकामी आणि उतरताना भरलेली. आणि उतरतानाच झोप अनावर झालेली असते. वर नेताना जी ५ युनिट ऊर्जा आपण त्या ३ टनांना दिली, ती उतरताना कुठेतरी जिरवावी लागते. थोडी वारा आणि टायर खातात. बाकीची एक तर इंजिन अडवून धरेल, नाही तर ब्रेक घासून उष्णता करतील. घाट २० मिनिटांत उतरला आणि सगळं काम ब्रेकवर सोपवलं, तर २० मिनिटं सात-आठ गिझर एकदम चालू ठेवावेत एवढी उष्णता चार चाकांत शिरते.

म्हणून डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणं हा जिवाशी खेळ आहे. गिअर सुटला की इंजिनाचा अडसर गेला. राहिले फक्त ब्रेक. ते तापले की दोन प्रकारे हात टेकतात. एक, ब्रेकचं अस्तर इतकं गरम होतं की पकडच राहत नाही. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरं, ब्रेक ऑइल उकळतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं. नेहमीच्या डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या तेलाची हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. तेल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली तर नुसती दबते, चाकापर्यंत जोर पोचवत नाही. पेडल मऊ होऊन थेट खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यायचं. गाडीच्या सगळ्या खर्चांत हा अगदी लहान खर्च आहे.

उतरायचा नियम जुना आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. माथ्यावरच गिअर खाली घ्या, वेग वाढल्यावर नाही. ऑटोमॅटिक गाडीत एल, एस किंवा मॅन्युअल अशी खूण असते, ती वापरा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, म्हणजे मध्ये वारा लागून तो निवेल. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, बोगद्यांमुळे वळणं कमी झाली. पण उंची तीच राहते. सरळ रस्त्यावरचा उतार डोळ्यांना कळत नाही, म्हणून तिथेही गिअर आणि वेग यांचं भान हवंच.

ब्रेक लागत नाहीत असं झालंच, तर गिअर एकेक करून खाली आणायचा, पेडल भराभर दाबून पाहायचं, हँडब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढायचा, हॉर्न आणि चारही दिवे चालू ठेवायचे आणि गाडी दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला घ्यायची. घाटात थांबलात तर चाकामागे दगड लावा. आणि निघताना तो दगड आठवणीने उचलून रस्त्याच्या कडेला टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्या दगडावर जाऊ शकतो.

शेवटी ओझ्याबद्दल. गाडी किती वजन नेऊ शकते ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा माल भरण्याचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे. पण दंड चुकवता आला तरी हिशेब चुकत नाही. वजन दीडपट केलं की ब्रेकमधली उष्णताही दीडपट. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल नेऊन वाचलेले पैसे क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर परत घेऊन जातात.

मैत्रिणींनो, चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. वास बहुधा आधी शेजारी बसलेल्या माणसाला येतो, काटाही तिलाच निवांत दिसतो. जळका वास आला, काटा चढला, ब्रेक दाबताना त्यांचा पाय नेहमीपेक्षा खोल जातोय असं दिसलं, तर गप्प बसू नका. ‘तुला काय कळतंय गाडीतलं’ असं कुणी म्हणालं तर त्यांना ५ युनिटांचा हिशेब सांगा, आणि रुंद, सपाट जागा दिसली की गाडी थांबवायला लावा. पंधरा-वीस मिनिटं उशीर होईल. भाजी तेवढ्याने सुकत नाही, आणि देवीचं दर्शनही चुकत नाही.